टीप क्रमांक ३१

सप्टेंबर उजाडला की मामांच्या घरी टपालाने पुस्तिका यायला लागतात. साखर कारखाना, सूतगिरणी, पतसंस्था, अर्बन बँक, दूध संघ. जिथे म्हणून त्यांचा शेअर आहे, तिथल्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आणि अहवाल. मुखपृष्ठावर संस्थापकांचा फोटो, आत संचालक मंडळाची रांग, आणि मग बारीक टायपातले ताळेबंद. ते दिसले की बहुतेक सभासद पुस्तिका रद्दीच्या गठ्ठ्यावर टाकतात. मामा टाकत नाहीत. सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून त्यांची तेहतीस वर्षं गेली, त्यातली निम्मी साखर कारखान्यांची दप्तरं तपासण्यात. निवृत्त होऊन एक तप झालं, तरी हातात लाल-निळी पेन्सिल असल्याशिवाय त्यांना अहवाल वाचता येत नाही.

यंदा मी सांगलीला त्यांच्याकडे गेलो तो स्वार्थ घेऊन. एका कंपनीच्या वार्षिक अहवालाचं मराठी करायचं काम मी अंगावर घेतलं होतं आणि पन्नास शब्दांपाशी अडलो होतो. माझी मोठी बहीण शुभाताईही तिथे आली होती. ती मुंबईत चार्टर्ड अकाउंटंट आहे, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांची ऑडिटं करते. दोन जाणकार एकाच सोप्यात सापडले, संध्याकाळपर्यंत यादी पुरी होईल, असा माझा हिशेब होता. रात्री झोपायची वेळ झाली तेव्हा अकरा शब्द झाले होते.

वादाला तोंड फुटलं ते 'क्वालिफाइड ओपिनियन'वरून.

"क्वालिफाइड म्हणजे पात्र ना?" मी भाबडेपणाने विचारलं.

ताई हसली. "एका लहान कंपनीच्या संचालकांचंही असंच झालं होतं. अहवालात 'क्वालिफाइड' वाचून त्यांनी मला आभाराचा फोन केला. अरे, ते कौतुक नाही. बाकीचे हिशेब पटले, पण अमुक एक गोष्ट पटली नाही, असं ते सांगणं आहे."

"मग असं सांगावं ना सरळ!" मामा म्हणाले. "आमच्याकडे बघ. ऑडिट वर्ग अ, ब, क, ड. शेतात भांगलणाऱ्या बाईलासुद्धा कळतं, संस्था कुठल्या वर्गात आहे."

"कळतं असं वाटतं, मामा. तुमचा वर्ग संस्थेला मार्क देतो. माझा अभिप्राय संस्थेला मार्क देत नाही, तो तिच्या हिशेबाबद्दल असतो. कंपनी तोट्यात बुडाली असेल आणि तो तोटा जसाच्या तसा दाखवला असेल, तर माझा अभिप्राय स्वच्छ. कंपनी धो-धो कमावत असेल आणि एक मोठा आकडा मला पटला नसेल, तर अभिप्राय शेऱ्यासह. सगळंच चित्र खोटं असेल तर प्रतिकूल. आणि मला कागदच दाखवले नसतील तर मी मत देत नाही, असं लिहून मोकळी होते."

"शेऱ्यासह," मामांनी शब्द पकडला. "हे लिही रे. 'सशर्त' वगैरे नको. शर्त कुणी घातलीय? शेरा मारलाय."

पहिला शब्द झाला. मामांना वाटलं जिंकलो, ताईला वाटलं ती जिंकली.

दुसरा शब्द 'रिझर्व्ह'. इथे मामा खुशीत आले, कारण मराठीत याला इतका देखणा शब्द आहे. गंगाजळी. काशीहून आणलेलं गंगेचं पाणी लहानशा भांड्यात डाक देऊन देवघरात ठेवायचं, आणि कुणाच्या अखेरच्या क्षणीच ते फोडायचं. सरकारी खजिन्यातल्या न हात लावायच्या शिलकीला लोकांनी हेच नाव दिलं. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात संस्थेने दरवर्षी निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीला वर्ग करायचा असतो. मामांच्या लेखी ही शिस्त म्हणजे सहकाराचा कणा. २०१३ च्या कंपनी कायद्यात अशी सक्ती नाही हे कळल्यावर त्यांनी मान हलवली ती "असेच बुडाल" अशा अर्थाने.

"पण त्या भांड्यात पाणी किती असतं?" ताईने विचारलं.

"म्हणजे?"

"राखीव निधी ताळेबंदात कुठल्या बाजूला असतो?"

"देण्याच्या." मामा इतकी वर्षं हे पाहत आले होते, तरी उत्तर देताना क्षणभर थांबले.

"मग? ती पैशांची थैली नाहीच. सभासदांचा नफा संस्थेत किती राहिला, त्याची ती नोंद आहे. खरे पैसे कधीच बॉयलरमध्ये, गोदामात आणि येणेबाकीत गेलेले असतात. तुमच्या गंगाजळी शब्दाने सभासदाला काय वाटतं? तिजोरीत रक्कम पडून आहे."

मामा गप्प झाले, मग स्वतःहूनच म्हणाले, "दर सभेत एक जण उठतो. गंगाजळी चाळीस कोटींची आहे, मग आमचा हप्ता का थकला? अध्यक्षांना उत्तर देता येत नाही. ऑडिटर खाली मान घालून बसतो."

"तरतूद हा शब्द याहून प्रामाणिक आहे," ताई म्हणाली. "पुढे येणाऱ्या खर्चासाठी आज नफ्यातून बाजूला काढलेला आकडा. तरतूद आधी कापतात, उरतो तो नफा. गंगाजळी त्या नफ्यातून निघते. तुमचे निम्मे अध्यक्ष भाषणात दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात."

हे खरं आहे. मी यादीत 'राखीव निधी' लिहिलं. गंगाजळी सोडताना हळहळलो.

चहा झाला. मामांनी आता नेम धरला. त्यांचं म्हणणं सोपं होतं. जुन्या जमाखर्चात प्रत्येक शब्दाखाली दिसणारी वस्तू असायची. कीर्दीत आजचे व्यवहार, खतावणीत माणसागणिक खाती, तेरजेत दोन्ही बाजूंची बेरीज, आणि ताळा जुळला की ताळेबंद. यंत्र घासतं म्हणून घसारा. कर्ज बुडतं म्हणून बुडीत. "आणि तुमच्याकडे? उचित मूल्य, अपेक्षित पतहानी, भरीस भर तो पुढे ढकललेला कर. डोळ्यांना दिसत नाही ते सगळं हिशेबात. शब्द अवघड झाला की समजावं, त्याच्याआड कुणीतरी उभं आहे."

"मामा, या देशातला सगळ्यात मोठा हिशेबी घोटाळा कुठल्या शब्दाच्या आड झाला, आठवतं? सत्यम."

७ जानेवारी २००९ ला हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहिलं आणि कबूल केलं की ताळेबंदातली रोख आणि बँकशिल्लक खोटी आहे. पुस्तकात दाखवलेले ५,३६१ कोटी रुपये. त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते.

"रोख आणि बँकेतली शिल्लक," ताई एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "उचित मूल्य नाही, पुढे ढकललेला कर नाही. शाळकरी पोराला कळेल असा शब्द. आणि तो इतका सोपा होता म्हणूनच कुणी त्याच्यापाशी थांबलं नाही. बँकेला थेट पत्र पाठवायचं, उत्तर कंपनीच्या हातून न घेता थेट आपल्याकडे मागवायचं, एवढंच करायचं होतं. ठेवीच्या पावत्या कंपनीने दाखवल्या. पावत्या बनावट होत्या."

"मग तुमचा ऑडिटर काय करत होता?"

हा प्रश्न प्रत्येक घोटाळ्यानंतर प्रत्येक घरात विचारला जातो, आणि ऑडिटर मंडळी त्याला १८९६ सालचं उत्तर देतात. इंग्लंडमधल्या किंग्स्टन कापूस गिरणीच्या खटल्यात न्यायाधीशांनी म्हटलं होतं की हिशेबतपासनीस हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. ताईनेही तेच उत्तर दिलं.

मामा म्हणाले, "राखणीचा कुत्रासुद्धा भुंकतो."

ताईने यावर वाद घातला नाही. सत्यमनंतर कायद्याची कलमं बदलली. २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांत ऑडिटर बदलत राहणं बंधनकारक केलं, ठराविक रकमेवरची फसवणूक दिसली तर थेट केंद्र सरकारला कळवायचं बंधन घातलं, आणि ऑडिटरांवर नजर ठेवणारं राष्ट्रीय प्राधिकरण २०१८ मध्ये उभं राहिलं. हे तिने झटकन सांगून टाकलं. तिच्या आवाजातही फारसा जोर नव्हता.

मग तिने विषय मामांच्या अंगणात नेला. माझ्या मते त्या दिवसाचं खरं बोलणं इथे सुरू झालं.

"मामा, ऊसदर. कारखान्याचा तो खर्च की नफावाटप?"

मामा एकदम तापले. "इन्कमटॅक्सवाल्यांनी विचारलं ते तू पण विचारणार? ऊस हा कच्चा माल. कच्च्या मालाची किंमत खर्च नाही तर काय लग्नाचा आहेर?"

ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. केंद्र सरकार दर हंगामात उसाचा एक किमान भाव ठरवून देतं. आधी तो एसएमपी म्हणून ओळखला जायचा, २००९-१० च्या हंगामापासून एफआरपी. महाराष्ट्रातले सहकारी कारखाने अनेकदा त्याहून जास्त देत आले. पहिली उचल, मग एखादा हप्ता, दिवाळीला आणखी काही, आणि हंगामाचा हिशेब लागल्यावर अंतिम दर. कारखान्याला जे काही सुटायचं ते बहुतेक या अंतिम दरातून ऊसकऱ्याच्या खात्यावर जायचं. नफा म्हणून मागे उरायचं थोडं.

आयकर खात्याने म्हटलं, किमान भावाच्या वर जे दिलं तो भाव नव्हेच. तो नफा आहे, भावाच्या नावाखाली वाटलेला. आधी त्यावर कर भरा.

"कापड गिरणीने कापूस महाग घेतला तर तिला कुणी विचारतं का, एवढा भाव का दिला म्हणून?" मामा.

"कापूस विकणारा गिरणीचा मालक नसतो. तुमच्याकडे ऊस घालणारा आणि कारखान्याचा सभासद एकच. मालकच स्वतःला भाव देतो, तेव्हा त्यात भाव किती आणि नफा किती, हा प्रश्न येणारच. आणि तुमचा तो नियम काय सांगत होता? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातलं कलम पाच-अ?"

हे कलम भार्गव आयोगाच्या शिफारशीवरून १९७४ मध्ये आलं. साखर विकून हंगामाअखेर जी जादा प्राप्ती होते तिच्यात ऊसकऱ्याचा वाटा असावा, असा त्याचा हेतू. हेतू चांगला होता, पण 'वाटा' म्हटलं की त्यात नफा आलाच. तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावर बोट ठेवलं. किमान भावावरच्या रकमेत जेवढा भाग नफावाटपाचा असेल तेवढा खर्च म्हणून वजा मिळणार नाही, उरलेला मिळेल, आणि कुठला भाग किती हे आयकर अधिकाऱ्याने हिशेब पाहून ठरवावं.

"म्हणजे काय झालं?" मी विचारलं.

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून भांडण," मामा म्हणाले.

पण तोवर कायदाही सरकत होता. २०१५ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात एक पोटकलम घातलं. सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंत सहकारी कारखान्याने उसाला दिलेली किंमत हा खर्चच मानायचा, पण करनिर्धारण वर्ष २०१६-१७ पासून पुढे. मागच्या वर्षांच्या मागण्या मानेवर तशाच राहिल्या. २०२३ च्या अर्थसंकल्पात त्या मागच्या वर्षांनाही तीच सवलत मिळाली. अर्थमंत्र्यांनी भाषणात सांगितलेला दिलाशाचा अंदाज जवळपास १०,००० कोटी रुपयांचा होता.

"ऊस तोच," ताई म्हणाली. "काटा तोच, शेतकऱ्याच्या खात्यावर पडलेला पैसाही तोच. 'खर्च' म्हणायचं की 'नफावाटप', एवढंच ठरायचं होतं. याला तुम्ही वस्तूचं नाव म्हणाल? हा घेतलेला निर्णय आहे, मामा. हिशेबातला जवळपास प्रत्येक शब्द असाच असतो. तुमचा साधा घसारासुद्धा. यंत्र घासतं हे खरं, पण यंदा किती घासलं हे कुणी मोजलंय?"

मामांनी उत्तर दिलं नाही. ते उठून आतल्या कपाटाकडे गेले आणि २०११-१२ सालचा कारखान्याचा अहवाल घेऊन आले. हा कारखाना त्यांच्या तपासणीत कधी नव्हता, तिथे ते फक्त सभासद. त्यांनी शेवटून चौथं पान काढलं. टीप क्रमांक ३१, संभाव्य देणी. आयकर विभागाची मागणी, संस्थेस मान्य नाही, अपील प्रलंबित. समोर एक आकडा, त्या वर्षीच्या नफ्याच्या कितीतरी पट.

"ताळेबंदात हा आकडा कुठेच नाही," मामा म्हणाले. "बेरजेत धरलेला नाही. टिपेत आहे."

"कारण नियमच तसा आहे. देणं नक्की असेल तर ते देण्यांत. द्यावं लागण्याचीच शक्यता जास्त आणि रकमेचा अंदाज करता येत असेल तर तरतूद. द्यावं लागेलही किंवा नाहीही, असं असेल तर टीप. शक्यता अगदीच दूरची असेल तर टीपसुद्धा नाही."

"आणि शक्यता किती, हे कोण ठरवतं?"

"व्यवस्थापन. वकिलाचं मत घेऊन. मी ते तपासते."

"म्हणजे ज्याला देणं लपवायचंय, तोच ठरवणार की ते किती लांब आहे!"

ताईकडे याचं नेमकं उत्तर नव्हतं. तिने अंदाज तपासण्याच्या पद्धती सांगितल्या, मागच्या निकालांशी ताडून पाहणं वगैरे. मामा ऐकत होते, पण त्यांचं बोट त्या टिपेवरच होतं.

मला इथे राहवलं नाही. मी विचारलं, "त्या वर्षी सभेत यावर कुणी बोललं?"

"मीही नाही बोललो," मामा म्हणाले. "त्या सभेत पाऊण तास वाद झाला तो अतिथिगृहाच्या चहापाण्याच्या खर्चावर."

जेवणाआधी उरलेल्या वेळात पुढे ढकलल्या जाणाऱ्या कराचा निकाल लावायचा असं ठरलं. सरकारी मराठीत त्याला 'आस्थगित कर' म्हणतात. मामांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला आणि बाजूला ठेवला.

"जो कर यंदा भरायचाच नाही, तो यंदाच्या खर्चात कसा?"

ताईने पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. पंधरा लाखांचं यंत्र, आयुष्य पंधरा वर्षं. भंगाराची किंमत सोडून दिली तर कंपनीच्या पुस्तकात दरवर्षी एक लाख घसारा. आयकराच्या हिशेबात उरलेल्या किमतीवर १५ टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी सव्वादोन लाख. करासाठी खर्च जास्त दिसला, म्हणून यंदा कर कमी बसला. पण पुढच्या वर्षांत आयकरातला घसारा आटत जाणार, पुस्तकातला तेवढाच राहणार, आणि तेव्हा कर जास्त बसणार. आज वाचला तो कर सुटलेला नाही.

"म्हणजे उसनवारी," मामा म्हणाले.

"सरकारकडून. बिनव्याजी."

"हां! मग असं म्हण की." मामांचा चेहरा उजळला. इतकी वर्षं ज्याला ते हिशेबातलं भूत समजत होते ते त्यांना एका शब्दात सापडलं.

"आता उलट्या बाजूने. बँका बुडीत कर्जांसाठी तरतूद करतात. आयकर खातं त्यातली बरीचशी लगेच मान्य करत नाही, कर्ज खरंच निर्लेखित झाल्यावर करतं. म्हणजे बँकेने कर आधीच भरला, सवलत पुढे मिळणार. ती सवलत ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते. सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारने कंपन्यांना नव्या दराचा पर्याय दिला. मोठ्या कंपन्यांचा अधिभार-उपकरासह जवळपास ३५ टक्क्यांचा दर सव्वापंचवीसच्या आसपास आला. मग त्या येणाऱ्या सवलतीचं काय झालं?"

मामांनी बोटांवर काहीतरी केलं. "कमी दराने मिळणार. म्हणजे ती मालमत्ता आटली."

"आयसीआयसीआय बँकेने त्या तिमाहीत यासाठी २,९२० कोटी रुपये एका दमात खर्ची टाकले. निव्वळ नफा उरला ६५५ कोटी."

"कर कमी झाला म्हणून नफा घटला!" मामा मोठ्यांदा हसले. "हे आमच्या सभेत सांगितलं असतं तर खुर्च्या उडाल्या असत्या." मग हसू ओसरल्यावर म्हणाले, "पण तुझी बँक हे सांगते तरी. एक ओळ वेगळी काढून आकड्यासकट सांगते."

ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "लिही, 'लांबणीवरचा कर'." मी लिहिलं.

पानं मांडली गेली आणि वाद 'जोखीम' या शब्दावर आला. मामी वाढता वाढता म्हणाल्या की त्यांच्या आईच्या तोंडी जोखीम म्हणजे दागिने. "जत्रेला जाताना अंगावर जोखीम नको" असं म्हणायची. मला हे फार आवडलं. जे जपायचं तीच जोखीम. कंपन्यांच्या अहवालांतल्या पंचवीस-तीस पानी जोखीम व्यवस्थापनाच्या प्रकरणांत हा साधा अर्थ बऱ्याचदा हरवलेला असतो.

मामांनी आयएल अँड एफएसचं नाव काढलं. ९०,००० कोटींहून अधिक कर्जाचा तो समूह २०१८ मध्ये कोसळला, पतदर्जा काही आठवड्यांत सर्वोच्च पायरीवरून तळाला आला, आणि नंतर उघड झालं की त्यांची जोखीम व्यवस्थापन समिती २०१५ ते २०१८ या वर्षांत एकदाच भरली होती. "समिती होती. अहवालात तिचं नावही होतं."

"आणि पीएमसी बँक?" ताईने शांतपणे विचारलं. मामांचा घास थांबला. सहकारी बँकेचं नाव निघालं की त्यांना स्वतःच्या घरचं कुणी पकडलं गेल्यासारखं होतं. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने त्या मुंबईच्या बँकेवर निर्बंध घातले. ठेवीदाराला सहा महिन्यांत खात्यातून फक्त एक हजार रुपये काढायची मुभा. एकूण ८,८८० कोटींच्या कर्जांपैकी ६,५०० कोटींहून अधिक एकाच बांधकाम समूहाकडे गेले होते, आणि ते झाकायला २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवली गेली होती.

"नव्वद दिवस व्याज-हप्ता आला नाही की खातं अनुत्पादित. नियम इतका साधा आहे की तुमच्या भांगलणाऱ्या बाईलाही कळेल," ताई म्हणाली. "त्या बँकेच्या हिशेबात थकलेल्या कर्जांपुढे 'नियमित' लिहिलेलं होतं. फार सोपा शब्द आहे, मामा."

जेवण गप्पांत संपायचं तसं ते संपलं नाही. मामींनी दोघांना ताक दिलं आणि हिशेब पुरे असं सांगितलं. मामांनी एवढंच बजावलं की नव्या आयकर कायद्यात 'मागील वर्ष' आणि 'करनिर्धारण वर्ष' ही जोडगोळी मोडून एकच 'कर वर्ष' ठेवलंय, १ एप्रिल २०२६ पासून. सरकारलाही शेवटी पटलंच की लोक वर्षं मोजण्यात घोटाळा करत होते! हा गुण ताईने त्यांना बिनविरोध दिला.

शेवटचा शब्द राहिला होता, ज्यासाठी मी मुळात आलो होतो. ऑडिटर सगळंच तपासत नाही. एवढ्या रकमेच्या खालची चूक सोडून देता येईल, अशी एक रेघ तो आधी आखतो. करपूर्व नफ्याच्या पाच टक्के हा एक प्रचलित आडाखा. त्या रेघेच्या वरचं ते 'मटेरियल'. शब्दकोशात 'सारभूत', 'भौतिक', 'महत्त्वाचे' असं काय काय आहे.

"चोरीला रेघ कसली?" मामा म्हणाले. "शिपायाने दोनशे रुपयांची उचल जमा केली नाही, तरी मी शेरा मारला आहे."

"आणि त्या अहवालात असे किती शेरे होते?"

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले ते मला, ताईला नाही. "एका कारखान्याच्या अहवालात मी एकशे बारा शेरे लिहिले होते. व्हाउचरवर सही नाही, प्रवासभत्त्यात फरक, डिझेलच्या नोंदवहीत खाडाखोड. साखरेचा साठा ज्या भावाने धरला होता तो बाजारभावाच्या वर होता. त्या साठ्याच्या तारणावर बँकेने कर्ज दिलेलं. तो शेरा सत्त्याऐंशीव्या क्रमांकावर होता. दोन ओळी. दोषदुरुस्ती अहवाल आला, त्यात शंभर दोष दूर केले असं लिहिलेलं. खात्यात सगळे खूश. दोन वर्षांनी कारखाना बंद पडला."

ताईने लगेच काही म्हटलं नाही. तिने त्यांचा जुना अहवाल हातात घेतला, टीप ३१ पुन्हा वाचली. "मी यावर सही केली असती," ती म्हणाली. "नियमाने ती बरोबर आहे. पण शेवटून चौथ्या पानावर, आठ टायपात. कोण वाचणार?"

"दखलपात्र," मामा अचानक म्हणाले. "पोलिस ठाण्यात गुन्हा असतो ना, दखलपात्र आणि अदखलपात्र? तसं. दखलपात्र रक्कम. वाचणाऱ्याने दखल घ्यायलाच हवी अशी."

ताईने मान डोलावली. अकरावा शब्द.

मी झोपायच्या तयारीत असताना मामा दिव्याखाली यंदाचा अहवाल घेऊन बसलेले दिसले. आयकराच्या मागणीची ओळ आता टीप ३१ मध्ये नाही. तिच्या जागी दुसरी आली आहे. ऊसतोडणी आणि वाहतूक कंत्राटदारांनी बँकांकडून घेतलेल्या कर्जांना कारखान्याने दिलेली हमी. कंत्राटदारांनी फेडलं नाही तर कारखान्याने फेडायचं. समोरच्या आकड्याभोवती मामांनी लाल पेन्सिलीने वर्तुळ काढलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं, "थकीत किती? तरतूद किती?"

सभेच्या विषयपत्रिकेवर याचा उल्लेख नाही. प्रश्न विचारायचे तर सभेपूर्वी आठ दिवस लेखी कळवावेत, अशी तळटीप नोटिशीत आहे. सभा पुढच्या रविवारी. मुदत कालच संपली होती.